फ्लूच्या महासाथीसाठी कोणता देश तयार आहे, हे कशावरून ओळखायचं?

देशांच्या सज्जतेच्या क्रमवाऱ्या खऱ्या मानाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. वाचा जरूर, पण त्यांच्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०१९मध्ये १९५ देशांचा जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक आला. अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरा. सहाच महिन्यांनी, कोरोनाच्या साथीत, न्यूयॉर्कमध्ये मृतदेह ठेवायला शीतगृहाचे ट्रक उभे करावे लागले. देशाकडे प्रयोगशाळा, कायदे, आराखडे आहेत का, हे गुणांतून कळतं. वेळ आल्यावर ते वापरले जातील का, हे कळत नाही.

मी आधी बघते ते हे, की मागच्या सरावात सापडलेल्या उणिवांचं पुढे काय झालं. ब्रिटनने ऑक्टोबर २०१६मध्ये ‘सिग्नस’ नावाचा तीन दिवसांचा सराव केला. प्रसंग फ्लूच्या महासाथीचाच होता. तीव्र साथ आली तर आपली तयारी पुरणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला. रुग्णालयांतून पाठवलेले रुग्ण वृद्धांची निवासगृहं सामावून घेऊ शकतील का, ही शंकाही त्यात नोंदवली होती. अहवाल लोकांसमोर आला २०२०मध्ये, आणि तोवर नेमक्या त्याच निवासगृहांत माणसं मरून गेली होती. मला हे अजूनही पचत नाही. चूक सापडली होती, लिहूनही ठेवली होती.

मृत्यूंच्या आकड्यांवरून देशांची तुलना करायची असेल तर फार जपून. २००९च्या स्वाइन फ्लूत प्रयोगशाळेत पक्के ठरलेले मृत्यू जगभरात सुमारे १८,५०० होते. २०१२मध्ये संशोधकांनी पहिल्या वर्षाचा अंदाज बांधला, तो निघाला सुमारे २ लाख ८४ हजार. त्यातले निम्म्याहून अधिक आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतले, म्हणजे जिथे तपासण्याच कमी होत होत्या तिथले. ज्याने मोजलं नाही, तो कागदावर चांगला दिसतो.

त्यापेक्षा तारखा शेजारी शेजारी मांडा. मी तेव्हा पुण्यात होते. जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली ११ जून २००९ला. भारतातला पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्टला, चौदा वर्षांच्या मुलीचा. मग शाळा बंद, सिनेमागृहं बंद, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, तपासणीसाठी रांगा. पहिली देशी लस बाजारात आली जून २०१०मध्ये. नाकात फवारायची लस, जी पुण्यातच तयार झाली, ती जुलैत. आणि महासाथ संपल्याची घोषणा झाली १० ऑगस्ट २०१०ला.

कोणत्याही देशाबद्दल हेच विचारा: पहिला रुग्ण कधी सापडला, लोकांना कधी सांगितलं, पहिली लस सामान्य माणसाला कधी मिळाली.