मॅसॅच्युसेट्समध्ये मुलाच्या विशेष शिक्षणाचा खर्च राज्य उचलते की स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट?

आपल्या ऑटिस्टिक मुलाला डिस्ट्रिक्टच्या खर्चाने खासगी विशेष शाळेत पाठवण्याची चर्चा सुरू आहे, तेव्हा हा पैसा नेमका कोण देते आणि गावावर आपला बोजा पडतो का, असे आपण विचारले आहे. मी आमच्या टाऊनच्या फायनान्स कमिटीवर असल्यामुळे हे हिशोब दरवर्षी नजरेखालून जातात.

शाळेचे बिल आधी डिस्ट्रिक्टच, म्हणजे गावातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी संस्थाच, भरते. फेडरल सरकारने अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात देशातील प्रति-विद्यार्थी सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत वाटा उचलण्याची तयारी दाखवली होती; प्रत्यक्षात तो अलीकडच्या वर्षांत १५ टक्क्यांच्या आतच राहिला आहे. राज्याचे नेहमीचे अनुदान, म्हणजे चॅप्टर ७०, गावात विशेष शिक्षण घेणारी मुले खरोखर किती आहेत हे मोजतच नाही. एकूण पटाच्या ठरावीक टक्के मुले तशी असतील असे गृहीत धरून ते दिले जाते. जास्त मुलांवर शिक्का मारून जास्त अनुदान मिळवण्याचा मोह डिस्ट्रिक्टला होऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. कॅलिफोर्नियानेही १९९७ साली याच विचाराने एकूण हजेरीवर आधारलेली पद्धत स्वीकारली.

अशा सरासरीच्या हिशोबात एखाद्या मुलाचा फार मोठा खर्च बसत नाही, म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये ‘सर्किट ब्रेकर’ ही वेगळी योजना आहे. राज्याने ठरवलेल्या प्रति-विद्यार्थी पायाभूत सरासरीच्या चौपट रकमेपर्यंतचा खर्च डिस्ट्रिक्टचा, आणि त्यावरील रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत राज्य परत करते, तेही विधिमंडळाने पुरेशी तरतूद केली तर. हिशोबाच्या सोयीसाठी ही मर्यादा ५० हजार डॉलर धरली आणि शाळेचा खर्च १ लाख ३० हजार असला, तर वरच्या ८० हजारांपैकी ६० हजार राज्याकडून येतात आणि ७० हजार गावाला सोसावे लागतात. शिवाय परतावा आदल्या वर्षीच्या खर्चावर मिळतो, त्यामुळे वर्षाच्या मध्यावर नवे मूल दाखल झाले की डिस्ट्रिक्टची खरी तारांबळ उडते. गावाचा वाटा मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्समधून येतो, आणि त्याची एकूण आकारणी, नव्या बांधकामांचा कर वगळता, मतदारांच्या मंजुरीशिवाय वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. उलट २०२३-२४ साठी राज्याने या खासगी शाळांना १४ टक्के शुल्कवाढ मंजूर केली होती. बैठकीत डिस्ट्रिक्टची माणसे हात आखडता घेताना दिसतात, त्याचे मूळ बहुधा येथे असते.

तथापि ही वाटणी सरकारांची आपापसांतली आहे; आपल्या मुलाचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही, त्यामुळे संकोच बाळगण्याचे कारण नाही. आयोवातील सीडर रॅपिड्सच्या डिस्ट्रिक्टने व्हेंटिलेटरवरील विद्यार्थ्याच्या शुश्रूषेचा खर्च परवडत नसल्याचे सांगितले, तेव्हा १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. मात्र खासगी शाळाच मिळेल असे कायदा सांगत नाही. डिस्ट्रिक्टच्या शाळेत योग्य सोय होत असेल तर ती पुरेशी ठरते. म्हणून आयईपीच्या, म्हणजे मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना ठरवण्याच्या, बैठकीत पैशांवर वाद न घालता आताच्या वर्गात मुलाची प्रगती का होत नाही यावर बोलावे, आणि ‘बजेट नाही’ असे उत्तर आले तर नकार कारणांसह लेखी मागावा. तो देणे डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे.