घड्याळ दुरुस्ती शिकायला जुन्यापैकी कुठलं पुस्तक घ्यावं?
डोळे झाकून डोनाल्ड डी कार्ल यांचं 'प्रॅक्टिकल वॉच रिपेअरिंग' घ्या. १९४६ चं आहे, पण चावीच्या घड्याळाचं आतलं काम आजही तेच आहे आणि त्यातली चित्रं इतकी नेमकी आहेत की इंग्रजी अडलं तरी हात अडत नाही. आम्ही इथे इंदुरात जुन्या एचएमटी जनता या चावीच्या मनगटी घड्याळावर त्यावरूनच शिकतोय. एक लक्षात ठेवा, पॅलेट (चाकांना अडवून टप्प्याटप्प्याने सोडणारा आकडा) काढायच्या आधी क्राऊन, म्हणजे चावी द्यायची गुंडी, बोटांत धरून क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) सोडवायचा आणि मेनस्प्रिंगचा, म्हणजे मुख्य स्प्रिंगचा, ताण हळूहळू उतरू द्यायचा, नाहीतर चाकं गरकन फिरतात नि पिव्होट, म्हणजे चाकांच्या आसाची बारीक टोकं, मोडू शकतात!! भिंतीवरच्या घड्याळांसाठी त्यांचंच 'प्रॅक्टिकल क्लॉक रिपेअरिंग' आहे. जॉर्ज डॅनियल्स यांचं 'वॉचमेकिंग' अप्रतिमच, पण ते घड्याळ मुळापासून बनवणाऱ्यांसाठी, आत्ताच नका घेऊ.