आधी डिझाइन फोडा, मग फील्ड बदलायचं बघू

प्रश्न : माझी मुलगी फर्मागुडीला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एफपीजीएवर (हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर) कॅमेऱ्याचा प्रोजेक्ट करते. सिंथेसिस, म्हणजे कोडचं सर्किट बनवणं, रात्रभर चालतं, सकाळी बघावं तर अडकलेलं. ‘चिप डिझाइन मला जमणार नाही, सॉफ्टवेअरला जाते,’ म्हणून रडते. मी जत्रेला गावची नाटकं बसवणारा माणूस. काय सांगू तिला? सोबत तिचा कोड जोडलाय.
– एक पालक, साखळी

उत्तर : नमस्कार. कोड वाचला. कॅमेऱ्यातून चित्र घेणं, त्याच्या कडा शोधणं, साठवणं, पडद्यावर दाखवणं, सगळं एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात, कोंबलंय. आपण तालीम प्रवेशाप्रवेशाने घेता ना? तसंच तिला चार मॉड्यूल करून एकेकाचं सिंथेसिस करायला सांगा. तीन चटकन होतील. चित्र साठवणारं अडेल, आणि दुखणं तिथेच आहे.

रिसेट (पहिल्यापासून सुरू करायचा इशारा) आला की सगळी मेमरी शून्य करायची, अशी एक ओळ तिनं लिहिलीय. ब्लॉक रॅम, म्हणजे चिपमधली तयार मेमरी, अशी एका फटक्यात पुसता येत नाही, म्हणून सिंथेसिसचं टूल ती मेमरी एकेक बिट धरणाऱ्या फ्लिपफ्लॉपांतून बांधायला जातं. ३२० गुणिले २४० पिक्सेल, प्रत्येकी १२ बिट : ९,२१,६०० बिट झाले. तिच्या बेसिस-३ बोर्डावरच्या चिपमध्ये फ्लिपफ्लॉप आहेत ४१,६००. आठवडाभर चालवलं तरी मावणार नाही! ब्लॉक रॅम मात्र १,८०० किलोबिट, म्हणजे सुमारे १८ लाख बिट आहे. ती ओळ काढली की चित्र त्यात आरामात बसेल.

फोडतानाही कुठेही कापू नये. कॅमेऱ्याचं क्लॉक (कामाचा ठेका देणारा सिग्नल) आणि पडद्याचं क्लॉक एका मॉड्यूलमध्ये नको. प्रत्येक मॉड्यूलचं आउटपुट रजिस्टरमधून (फ्लिपफ्लॉपांच्या गटातून) बाहेर काढावं, म्हणजे टायमिंग, सिग्नल वेळेत पोचतो का ते, त्या तुकड्यापुरतं तपासता येतं. पण एकाच गणिताचे दोन अर्धे दोन मॉड्यूलमध्ये गेले आणि हद्दी तशाच राखल्या, तर टूलला पलीकडचं लॉजिक आटोपशीर करता येत नाही. कमीत कमी तारा तुटतील असे दोन भाग कसे पाडायचे, याची रीत कर्निघन आणि लिन यांनी १९७० साली मांडली. ती तिनं जरूर वाचावी. मला स्वतःला हा विषय फार आवडतो.

सॉफ्टवेअरची ओढ असेल तर खुशाल जाऊ दे. एका ओळीपायी मात्र नको. चिप डिझाइनच्या नोकऱ्यांसाठी बहुधा बेंगळुरू-हैदराबाद गाठावं लागेल, याची तयारी घरात आताच करा. पुढे शिकायचं तर गेट देऊन कुंकळ्ळीच्या एनआयटीत व्हीएलएसआयचं (चिप डिझाइनचं) एम.टेक. करता येईल.

या आठवड्यात फक्त मेमरीचं मॉड्यूल वेगळं काढून चालवायला सांगा, आणि रिपोर्टमध्ये ब्लॉक रॅमच्या रकान्यात काय आकडा आला ते मला कळवा.