पाइप अचानक फुटला तर प्लंबर येईपर्यंत काय करावे?

आधी पाणी बंद करा, पुसापुशी नंतर. मुख्य व्हॉल्व्ह मीटरजवळ किंवा टाकीच्या खाली असतो. गोल चाकाचा असेल तर घड्याळाच्या दिशेने फिरवा, दांडीचा असेल तर दांडी पाइपला आडवी करा. मग घरातला सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे पाइपात उरलेलं पाणी फुटलेल्या जागेऐवजी तिथून निघून जाईल. गळती फक्त बेसिनची किंवा कमोडच्या टाकीची असेल तर तिथला अँगल कॉक, म्हणजे भिंतीजवळचा छोटा व्हॉल्व्ह, बंद केला तरी पुरतं.

गीझर बंद करा. पाणी बोर्डापर्यंत किंवा सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर मेन स्विच पाडा, पण पाण्यात उभं राहून नाही! इथे घाई जिवावर बेतते.

तात्पुरतं थोपवायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिरेवर ताणून गुंडाळा आणि दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळा. ओल्या पाइपवर साधी चिकटपट्टी टिकत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणि कृपा करून आजच तो मुख्य व्हॉल्व्ह शोधून एकदा फिरवून बघा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह जाम होतो, आणि जोर लावला तर तुटूही शकतो.