फ्रीकॅडमध्ये पॅरामीटरना नावं कशी द्यावीत? बेअरिंग बदललं की मॉडेल बिघडतंय

फ्रीकॅड (3डी डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअर) मधल्या तुमच्या बेअरिंग हाउसिंगच्या स्प्रेडशीटमध्ये साठेक पॅरामीटर, म्हणजे नाव दिलेली मापं, झालेत, नावं 'एक्स', 'नवीन_2' अशी, आणि 6205 नंबरचं बेअरिंग काढून 6305 घालायला गेलं की काही ना काही मोडतंय. यात नावांचा दोष निम्माच आहे.

आधी नावांची संख्या कमी करा. जे माप उद्या बदलणार आहे किंवा जे दोन ठिकाणी लागतं, त्यालाच नाव द्यायचं. कडेची 3 मिमीची फिलेट (गोलाई) स्केचमध्येच पडून राहू दे. अशा हाउसिंगला बारा-पंधरा नावं रग्गड झाली.

नावात आधी अंग, मग माप: बोअर_डाय, बोअर_खोली, बोल्ट_पीसीडी, बोल्ट_संख्या. बोअर म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, पीसीडी म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास. (इथं देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर एवढंच वापरा, सुरुवात अक्षरानं.) असं केलं की मापाच्या खिडकीत बरोबरचं चिन्ह दाबून शीटचं नाव, टिंब आणि मग 'बोअर' टाइप करताच बोअरची सगळी मापं खाली एकत्र दिसतात. आकडा नावात घालू नका. बोअर52 मध्ये उद्या 62 भरलं की ते नावच खोटं बोलायला लागतं.

एक खोच बऱ्याच जणांना अडवते. बाहेरच्या व्यासाला कॅपिटलमध्ये 'ओडी2' असं उपनाव (सेलला द्यायचं नाव) दिलं तर फ्रीकॅड ते घेत नाही, कारण 'ओडी' नावाचा कॉलम शीटमध्ये खरोखरच आहे आणि ओडी2 हा त्यातल्या दुसऱ्या ओळीचा पत्ता. 'आयडी1' चं तेच. कॉलम दोन अक्षरांवर संपतात, म्हणून 'पीसीडी4' चालतं. पण बोल्ट_पीसीडी लिहिलं की हा प्रश्नच उरत नाही.

सेलमध्ये नुसतं 52 भरू नका, '=52 मिमी' असं एककासकट भरा. एका सेलला मिमी आणि दुसऱ्याला काहीच नाही, अशा दोघांची बेरीज केली की एकक जुळत नसल्याची चूक येते आणि तिथून पुढचं सगळं अडतं.

आता 6305 चं बघू. 6205 चा बाहेरचा व्यास 52, रुंदी 15. 6305 चा 62 आणि 17. तुमचं बोल्ट_पीसीडी 70 असं थेट आकड्यात असेल, तर एम8 बोल्टच्या आट्यांसाठी पाडलेलं 6.8 चं भोक 52 च्या बोअरपासून 5.6 मिमी लांब राहतं. बोअर 62 केलं की मधे उरतं फक्त 0.6. मॉडेल मुकाट्यानं तयार होतं, कुठंही लाल खूण नाही, आणि जॉब स्क्रॅप! म्हणून सूत्र घाला: बोल्ट_पीसीडी = बोअर_डाय + 18 मिमी. 62 ला आपोआप 80 येतं आणि भिंत तीच राहते. खोलीसुद्धा बेअरिंगच्या रुंदीवरून काढा.

मशिनिंग अलाउन्सचं (ओतलेल्या भागावर नंतर कापून काढायला ठेवलेल्या जादा धातूचं) नाव 'अलाउन्स' एवढंच ठेवलंत तर घोळ ठरलेला. 3 मिमी एका बाजूला की व्यासावर? नावातच सांगा: अलाउन्स_बाजू. मग ओतीव बोअर = बोअर_डाय − 2 × अलाउन्स_बाजू, म्हणजे 52 ला 46. बाहेरच्या व्यासाला तेच अधिक होतं.

शीटमधून मॉडेलला माप दिलं आणि त्याच शीटच्या दुसऱ्या सेलमध्ये मॉडेलचं एखादं माप परत ओढलं, तर चक्राकार अवलंबनाची चूक येते. सेल वेगळे असले तरी फ्रीकॅड अख्ख्या शीटला एकच वस्तू धरतो. भरायची मापं एका शीटमध्ये, मॉडेलकडून येणारी दुसऱ्यात, एवढं केलं की सुटतं. 1.0 पासून (नोव्हेंबर 2024) व्हेरिएबल सेटही (शीटशिवाय मापं ठेवायची सोय) आलाय. मापं थोडी असतील तर तो सुटसुटीत, पण हे बंधन त्यालाही आहे.

स्केच पृष्ठभागावर न चिकटवता मूळ प्रतलांवर ठेवा. पृष्ठभागांचे (फेसचे) क्रमांक सरकल्यामुळं मॉडेल फुटण्याचा त्रास 1.0 मध्ये कमी झालाय, संपलेला नाही.

राहिलं श्रिंकेज, म्हणजे ओतलेला धातू थंड होताना आकसणं. बिडाला साधारण 1 टक्का, ॲल्युमिनियमला 1.3 च्या आसपास, स्टीलला 2. नेमका आकडा कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या ज्या फाउंड्रीत ओतणार तिथूनच घ्या. हा आकडा कुठल्याच मापाच्या सूत्रात मिसळू नका. मॉडेल पुरं झाल्यावर ड्राफ्ट वर्कबेंचमधला क्लोन (मूळ मॉडेलला जोडलेली प्रत) काढून त्याला तिन्ही दिशांना स्केल द्या, बिडाला 1.01. सूत्रातही घातलं आणि उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्यानं (साच्यासाठी लागणारा नमुना करणाऱ्यानं) आपल्या सवयीनं पुन्हा घातलं, तर 300 मिमीच्या बेसला 3 मिमी जादा येतात. फाइलच्या नावात 'पॅटर्न_श्रिंकेजसह' किंवा 'फिनिश' लिहूनच त्याच्याकडं पाठवा.