३०० ग्रॅम काकवी कपाने मोजायची तर किती घ्यायची?

एका कपाला थोडी कमी. २४० मिलीच्या कपात पाणी २४० ग्रॅम बसतं, पण काकवी साधारण ३२० ग्रॅम भरते, म्हणून ३०० ग्रॅमला २२५ मिली धरा.

काकवीचा एकच आकडा मात्र नसतो. पातळ असेल तर मिलीला १.३ ग्रॅम, दाट असेल तर १.४ च्या आसपास. आमच्या कराडकडे गुऱ्हाळावर काकवी किलोवर घेतली की लिटरची बाटली गळ्यापर्यंत भरत नाही, एक किलो पाऊण बाटलीतच संपते. माप कमी दिलं असं वाटतं, पण ते बरोबर असतं.

महाबळेश्वरचा मध असेल तर हिशोब सोपा: मिलीला १.४ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीचा चमचा ७ ग्रॅम आणि कप ३४० ग्रॅम.

सगळ्यात खात्रीचं म्हणजे घरची वाटी किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा रिकामी आणि एकदा काकवी भरून तोलून आणा. फरक वाटीच्या बुडाला लिहून ठेवा. मोजण्याआधी वाटीला आतून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर चमचाभर काकवी कडेलाच चिकटून राहते आणि केक कमी गोड होतो.