रापणीत सापडलेली सोयरीक

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. इथे हर्णैला पाऊस उसंत घेईना आणि विजेचा लपंडाव चालू, म्हणून उत्तराला उशीर. एमएस्सीच्या प्रकल्पाला मानवी पेशीत डीएनएची प्रत काढायला सुरुवात कशी होते हा विषय घेतलास, छान. पण ‘कोणतं प्रथिन कोणाला चिकटतं ते दाखवलं की झालं’ हे तुझं वाक्य आधी खोड.

बंदरावर सध्या होड्या शाकारून ठेवल्यात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी. जाळी सांधायची, इंजिन खोलायचं, सगळं याच दिवसांत. समुद्रात मात्र जायचं नाही. पेशीचा जी-१ टप्पा, म्हणजे डीएनएची प्रत काढण्याआधीचा तयारीचा काळ, असाच असतो. ओआरसी हा सहा प्रथिनांचा गट डीएनएवर बसतो, सीडीसी-६ हे प्रथिन त्याला येऊन मिळतं आणि सीडीटी-१ हे आणखी एक प्रथिन एमसीएम या प्रथिनांचं कडं घेऊन येतं. अशी दोन कडी समोरासमोर डीएनएभोवती चढतात. आणि मग गप्प बसून राहतात. या तयारीला या क्षेत्रातले लोक लायसन्सिंगच म्हणतात!

एस टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष प्रत काढायचा काळ, लागला की सीडीके आणि सीडीसी-७ ही एन्झाइमं फॉस्फेट लावत सुटतात. ट्रेस्लिन या प्रथिनावर सीडीकेचा फॉस्फेट बसला तरच टॉपबीपी-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरतं. पुढे सीडीसी-४५ आणि चार प्रथिनांचा जिन्स गट कड्याला जोडले जातात, तेव्हा कुठे ते डीएनएचा पीळ उलगडायला लागतं. दोन्ही कडी सुटून विरुद्ध दिशांना चालू पडतात. सगळी नव्हे, बरीच तशीच राखीव राहतात; शेजारचं काम कुठे अडलं तर त्यातली काही जागी होतात.

होडीची उपमा मात्र इथेच सोडून दे. होडी परत येते, बर्फ-डिझेल भरते, पुन्हा निघते. पेशीत तसं झालं तर एकाच तुकड्याच्या दोनदा प्रती निघतील. म्हणून एस टप्प्यात सीडीटी-१ नष्ट केलं जातं आणि उरलंसुरलं जेमिनिन नावाचं प्रथिन धरून ठेवतं. जेमिनिन सीडीटी-१ ला धरतं हासुद्धा दोन प्रथिनांचा संयोगच, पण काम थांबवणारा. तुझ्या आराखड्यात असा एकही संयोग नाही, मला तेच खटकलं.

यीस्टचे निष्कर्षही जपून वापर. ओआरसी १९९२ साली बेल आणि स्टिलमन यांना सापडलं ते बेकरी-यीस्टमध्ये. तिथे ते डीएनएतला ठरावीक अक्षरक्रम ओळखतं. माणसात तसा ठरावीक क्रम नाही.

आता माझी एक फजिती. नोकरीच्या सुरुवातीला अँटिबॉडीने (ती ठरावीक प्रथिनालाच पकडते) पेशींच्या रसातून एक प्रथिन ओढलं, त्याच्यासोबत दुसरं आलं, आणि ती दोघं एकमेकांना धरतात म्हणून मी नाचत सुटले. चार महिने त्यात घालवले. दोघं एकाच डीएनएवर शेजारी बसलेली होती, एवढंच. रापणीच्या जाळ्यात बांगडा आणि तारली एकत्र आली म्हणून त्यांची सोयरीक जुळत नाही गं. जाळं तिथे डीएनएचं होतं. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या एका सीनिअरने विचारलं, “डीएनए कापून बघितलंस का?” नव्हतं बघितलं.

म्हणून पेशी फोडल्यावर बेन्झोनेज हे डीएनए कापणारं एन्झाइम घाल, डीएनएचे तुकडे होऊ देत, आणि मग ओढ. तरीही दुसरं प्रथिन आलं तर पुढे बोलू. ट्रेस्लिनवर काम करणार असशील तर फॉस्फेट बसूच नये म्हणून ती जागा बदललेलं रूपही जेलवर शेजारच्या लेनमध्ये, म्हणजे रांगेत, हवं. ते टॉपबीपी-१ ला धरेनासं झालं, तरच तुझ्या म्हणण्यात दम.

नारळी पौर्णिमेला घरी येशीलच. जेलचा फोटो आण, आणि कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, लेन कापून आणू नकोस.

तुझ्या बाई